कोनशिलेवर नाव, डोक्यावर पत्रा

जबलपूरला पाऊस जूनच्या मध्यानंतर येतो. त्याआधीचे पंधरा दिवस छावणीत प्रत्येक जण छताकडे बघत असतो. कुणाच्या क्वार्टरची भिंत गेल्या वर्षी ओली झाली होती, कुणाच्या स्टोअरमध्ये ताडपत्री टाकावी लागली होती, सगळ्या तक्रारी एकदम वर येतात. यंदा आमच्याकडे अशाच एका जुन्या कौलारू बॅरकची फाइल आली. चाळीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, दोन्ही बाजूंना व्हरांडा. फाइलवर शेरा होता बी.ई.आर., म्हणजे बियॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर. फौजेत हा शेरा नादुरुस्त गाडीवर, वायरलेस सेटवर आणि बुटांवरही बसतो. एकदा बसला की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही. प्रस्ताव होता कौलं उतरवून रंगीत पत्रा टाकण्याचा.

बैठकीत सगळे एकमताने पत्र्याच्या बाजूने होते. मी एवढंच विचारलं की वर चढून कुणी पाहिलंय का. कुणीच पाहिलं नव्हतं. खालून छताचे ओले डाग दिसत होते, तेवढ्यावर शेरा पडला होता.

हा लेख त्या एका बॅरकपुरता नाही. आपण, म्हणजे फौजेतले अधिकारी आणि निवृत्त होऊन गावी घर बांधणारे माझे सगळे जुने सहकारी, छताच्या बाबतीत एकच चूक पुन्हा पुन्हा करतो. वर न चढताच आपण ते बदलायचं ठरवतो.

आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला थोडा अधिकार राहील. काही वर्षांपूर्वी मध्य भारतातल्याच दुसऱ्या एका छावणीत मी युनिटचा कमांडिंग ऑफिसर होतो. तिथेही अशीच कौलारू बॅरक होती. मी ती उतरवली, वर निळा पत्रा टाकला, आतून पांढरा रंग काढला आणि दाराशी एक संगमरवरी पाटी बसवली. पाटीवर माझं नाव आहे. पहिल्या मे महिन्यात रात्री साडेअकराला मी फेरी मारायला गेलो, तर निम्मी बॅरक बाहेर मैदानात होती. जवानांनी खाटा ओढून बाहेर आणल्या होत्या. पारा दिवसा त्रेचाळीसवर गेला होता आणि आत पंखा गरम हवाच फिरवत होता. मला बघून पोरं उठून उभी राहिली. कुणी तक्रार केली नाही, आपल्याकडे कुणी करतही नाही. जुलैत पाऊस लागला, तेव्हा पत्र्यावरच्या आवाजात रोल कॉल ऐकू येईना. ज्याने त्या छताखाली एकही रात्र काढली नाही, त्याचं नाव तिथे अजून कोरलेलं आहे.

माझं भांडण सुरू होतं ते या पाटीपासून. नव्या छताचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो निघतो, वार्षिक अहवालात ओळ येते. चारशे फुटकी कौलं बदलल्याची कोनशिला मी आजवर कुठेही पाहिलेली नाही. आमची पोस्टिंग दोन-अडीच वर्षांची असते आणि छताचं आयुष्य पन्नास वर्षांचं. अडीच वर्षांत दिसेल असं काम माणसाला करावंसं वाटतं. शिवाय दुरुस्तीचे पैसे दरवर्षी थोडे थोडे मागावे लागतात, आणि दर वेळी कुणीतरी विचारतं की गेल्या वर्षीच तर केलं होतं. नव्या कामाचा आकडा मोठा, मंजुरी एकदाच. तेव्हा दोष एखाद्या खात्याचा किंवा ठेकेदाराचा म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. मागणी आमच्या सहीने जाते.

आता बॅरककडे येतो. आम्ही एक स्थानिक मिस्त्री शोधला, साठीचा, आयुष्यभर कवेलू बसवलेला. पश्चिम महाराष्ट्रात आपण कौल म्हणतो, नागपूरकडे कवेलू, आणि जबलपूरलाही कवेलूच. हे शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं. कौलांची या गावाला जुनी सवय आहे. बर्न अँड कंपनीचा भाजक्या मातीच्या वस्तूंचा कारखाना इथे होता. जुन्या बंगल्यांवरची चपटी खाचेची कौलं ही मूळ मंगलोरी घडणीची. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि ही घडण देशभर गेली.

मिस्त्री वर चढला, मागोमाग मीही. अर्ध्या तासात त्याने निकाल दिला, “साहब, कवेलू कम टूटा है, नाली बंद है.” दोन पाखी जिथे मिळतात तिथली पन्हळ पिंपळाच्या पानांनी गच्च भरली होती. पाणी तुंबून उलटं कौलांखाली शिरत होतं आणि तिथल्या रिपा कुजल्या होत्या. वानरांनी आढ्याजवळ धुडगूस घालून कौलं फोडली होती. आम्ही मोजणी केली. सुमारे सात हजार कौलांपैकी चारशे बारा फुटकी. वासे पेचकसाने टोचून पाहिले, तर तीन ठिकाणी टोक आत गेलं, बाकी लाकूड ठणठणीत. ज्या छतावर ‘दुरुस्तीपलीकडे’ असा शेरा होता, त्यातली शंभरातली चौऱ्याण्णव कौलं चांगली होती.

आपल्या आज्या-आजोबांना यात नवल वाटलं नसतं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी मे महिन्यात शाकारणी व्हायची. सगळी कौलं उतरवायची, झटकायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा बघायच्या, वाळवी लागलेली बदलायची आणि कौलं पुन्हा चढवायची. आम्ही पोरं खाली रांग लावून कौलं हातोहात द्यायचो. पुढे फौजेत रायफल हातात आली, तेव्हा उस्तादांनी शिकवलं ते ‘खोलना-जोडना’. हत्यार उघडा, पुसा, तपासा, जोडा. रायफल अडकत नसली तरी रोज उघडायची. आमची शाकारणी म्हणजे छताचं खोलना-जोडनाच होतं. ज्या फौजेत न उघडता रायफल साफ केली असं म्हणणाऱ्याला शिक्षा होते, त्याच फौजेत न उघडता छत निकालात निघतं, याचं मला वाईट वाटतं.

इथे कुणी म्हणेल की साहेबांना जुन्याचं प्रेम आहे. तसं नाही. जुनं छत न बदलल्याने माणसं मेली आहेत, आणि मराठी माणसाला ते सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक झोपले असताना, किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या आणि वर माळवद. माळवद गळलं की लोक काय करायचे? वर मातीचा आणखी एक थर द्यायचे. खालचा काढायचे नाहीत. फूटभर मातीचं वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातं, आणि कितीतरी माळवदं फूटभराहून जाड होती. ते वजन झोपलेल्या माणसांवर आलं. घरोघरी केलेली ती ‘दुरुस्ती’च होती, पण उघडून न पाहता वर थर चढवण्याची.

जबलपूरनेही हे भोगलंय. २२ मे १९९७ च्या पहाटे चारनंतर इथे भूकंप झाला. चाळीसच्या आसपास माणसं दगावली. कोसमघाट या गावाची फार हानी झाली. मातीत रचलेल्या भिंती फाटल्या, कवेलू घसरून खाली आले. पण शहरातल्या नव्या सिमेंटच्या इमारतींनाही भूकंपाने सोडलं नाही. तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवून खांबांवर उभ्या केलेल्या काही इमारतींचे खांब चिरडले. तेव्हा जुनं म्हणजे वाईट आणि काँक्रीट म्हणजे भक्कम, हा हिशेब या गावात तरी कुणी मांडू नये. छत किती जड आहे, ते कशावर टेकलंय आणि कशाने बांधलंय, हेच पाहायचं. आमच्या बॅरकच्या भिंती पक्क्या विटांच्या आहेत, तरी आम्ही वासे भिंतीवर नुसते टेकवलेले ठेवले नाहीत. लोखंडी पट्ट्यांनी जखडले, आणि व्हरांड्याच्या वळचणीकडच्या कौलांच्या ओळी तारेने बांधून घेतल्या.

वजनाचा अंदाज सगळ्यांनी पाठच करावा. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, वजन चाळीस-पंचेचाळीस किलो. नालीदार लोखंडी पत्रा पाच किलोच्या आसपास. चार इंची काँक्रीट स्लॅब अडीचशे किलो, त्यावर गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा कोबा केला की आणखी दीड-दोनशे. आणि आता पाहा, आपण स्लॅबचं काय करतो. गळली की कोबा. पुन्हा गळली की त्यावर दुसरा थर. मग त्यावर डांबरी कागद, त्यावर फरशी. गच्चीवर आपण सिमेंटचं माळवदच रचतोय. स्लॅब गळत असेल तर आधी वरचे जुने थर काढा, उतार दुरुस्त करा, पाणी जायच्या तोट्या मोकळ्या करा. खालून हातोडीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, गिलावा फुगला, गंजाचे तांबूस पट्टे दिसले, तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीट फोडते आहे. त्यावर गिलावा मारणं म्हणजे जखमेवर पावडर लावणं. तिथे इंजिनिअरला बोलवा आणि तो म्हणाला ‘पाडा’, तर पाडा. मी तेव्हा बदलण्याच्याच बाजूने आहे.

पत्र्यावरही माझा राग नाही, राग आहे तो न विचार करता टाकलेल्या पत्र्यावर. उंच पहाडांत मी नालीदार पत्र्याखाली दोन हिवाळे काढले आहेत. तिथे तोच योग्य होता. बर्फ उतारावरून घसरून जातो, आणि खेचराच्या पाठीवरून पोहोचेल असं दुसरं छत नाही. ईशान्येकडे भूकंपाचा धोका मोठा, तिथे हलकं छतच शहाणपणाचं. पण मे महिन्यात तापणाऱ्या जबलपुरात जवानाच्या डोक्यावर नुसता पत्रा टाकायचा आणि मग गरम होतं म्हणून खाली छत टाकायचं, मग कूलर मागायचे, मग विजेचं बिल बघून कूलर बंद करायचे, ही कुठली काटकसर? पत्रा टाकायचाच असेल तर खाली उष्णतारोधक थर, आढ्याशी गरम हवा जायला वाट आणि वर पांढरा रंग, हे तिन्ही त्याच अंदाजपत्रकात धरा. ते धरल्यावर पत्रा स्वस्त राहतो का, हे पाहा आणि मग बोला.

इंग्रजांचं कौतुक करायची मला हौस नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८५९ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर रॉयल कमिशन नेमलं, १८६३ मध्ये अहवाल आला. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा मोठा हात होता. गोऱ्या सैनिकांपैकी दर हजारी एकोणसत्तर माणसं वर्षाला मरत होती, आणि ती बहुतेक लढाईत नव्हे, तर बॅरकमध्ये, रोगराईने. त्यानंतर उंच छत, मोकळी हवा, रुंद व्हरांडा ही बॅरकची गरज मानली गेली. त्या अहवालात देशी शिपायाच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण छत हा सैनिकाच्या तब्येतीचा प्रश्न आहे हे तेव्हा कागदावर आलं. आज आपलीच फौज, आपलाच जवान, आणि आपण छताकडे फक्त रंग कोणता एवढंच बघणार असू, तर लाज वाटायला हवी.

एक प्रकार मात्र असा आहे, जिथे मी कसलीही तडजोड मानत नाही. तो म्हणजे राखाडी सिमेंटचा पत्रा, ॲस्बेस्टॉस. आपल्या गोदामांवर, गॅरेजवर, लंगरवर तो अजून आहे आणि बाजारातही मिळतो. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. धोका त्याच्या बारीक तंतूंत आहे. ते श्वासातून आत जातात आणि आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी उभा राहतो, म्हणजे जवान पेन्शनवर गेल्यावर. आणि आपण काय करतो? इन्स्पेक्शन आलं की पोरांना वर चढवून तारेच्या ब्रशने शेवाळ घासायला लावतो आणि चुना मारतो. मीही लावलंय. तेव्हा मला माहीत नव्हतं, आता तुम्हाला माहीत झालंय. तो पत्रा घासू नका, कापू नका, भोकं पाडू नका. अखंड असेल तर छेडू नका. तडकला असेल तर माहीतगार माणसांकडून, पाण्याने ओला करून, न तोडता पूर्ण उतरवा, गुंडाळा आणि नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा. त्याची दुरुस्ती करत बसू नका. तिथे बदलणं हाच एक मार्ग.

आता विरोधकांचं ऐकू, कारण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कौलं बसवणारे मिस्त्री मिळत नाहीत. खरं आहे. आम्हालाही शोधायला आठ दिवस लागले. पण दर वर्षी काम दिलं तर मिस्त्री टिकतो, वीस वर्षांत एकदाही दिलं नाही तर त्याचा मुलगा रिक्षा चालवतो. आम्ही त्या मिस्त्रीच्या हाताखाली आमचे चार जवान दिले, आता ते चौघे कौल फेरू शकतात. सागवान परवडत नाही. खरं आहे. मग कैच्या आणि वासे लोखंडी नळ्यांचे करा, वर कौलं तीच ठेवा, वाळवीचाही प्रश्न मिटतो. वानरं कौलं फोडतात. फोडतात, पण कौल फुटलं तर एक कौल बदलतं. शे-दोनशे जादा कौलं नेहमी साठ्यात ठेवा. आणि उतार साधारण तीस अंशांहून कमी असेल तर कौलाचा हट्ट धरू नका, तिथे पाणी आत येणारच.

पत्र्याच्या बाबतीतही असंच. गळतो म्हणून अख्खा पत्रा बदलण्याआधी वर चढा. बहुतेक वेळा वॉशर कुजलेला असतो, किंवा कुण्या शहाण्याने हूक नालीच्या खोलगट भागात ठोकलेला असतो. हूक नेहमी उंचवट्यावर. वॉशर बदलायला एक दुपार पुरते.

निवृत्त मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. आपण वीस-पंचवीस वर्षं देशभर फिरतो आणि पेन्शनवर आल्यावर ग्रॅच्युइटीच्या पैशातून पहिली गोष्ट काय करतो? आई-वडिलांचं कौलारू घर पाडतो आणि स्लॅब टाकतो. गावात मान वाढतो. मग मे महिन्यात म्हातारी आई स्लॅबखाली झोपू शकत नाही, ती गोठ्यात खाट टाकते, कारण गोठ्यावर जुनी कौलं आहेत. हे मी माझ्याच भावकीत पाहिलंय. तुमच्या भिंती खचल्या असतील, लाकडाचा भुगा झाला असेल, तर खुशाल पाडा. पण आधी एक दिवस शिडी लावा. किती कौलं फुटली, किती वासे गेले, पाणी नक्की कुठून येतं आणि भिंत किती वजन पेलेल, हे कागदावर लिहा. मग ठरवा. तो कागद नसेल तर तुम्ही निर्णय घेतलेला नाही, फक्त पैसे खर्च केले आहेत.

आमच्या बॅरकचं काम पावसाआधी दोन दिवस संपलं. खर्च पत्र्याच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसला. पहिल्या मोठ्या पावसात एका कोपऱ्यात तरीही गळलं. आम्ही बादली ठेवली, पाऊस थांबल्यावर मिस्त्रीने वर जाऊन दोन कौलं सरकवली. त्यानंतर गळलेलं नाही. पुढच्या जूनला पुन्हा वर चढावं लागेल, आणि तेव्हा बहुतेक मी इथे नसेन. म्हणून पाटी नाही लावली. दाराच्या आत एक रजिस्टर टांगलंय. तारीख, वर कोण चढलं, काय पाहिलं, काय बदललं. पहिली नोंद मिस्त्रीच्या नावाने आहे. माझ्या जागी येणाऱ्याला हस्तांतरणात मी ते रजिस्टर देईन, आणि शिडी कुठे ठेवली आहे तेही सांगेन.

जय हिंद.